‘आमची’ नेमकी कोणाची? तिबेटी वैद्यक समजून घेताना

लेहच्या बाजारात फिरणाऱ्या मराठी पर्यटकाला ‘आमची क्लिनिक’ अशी पाटी दिसली, की तो क्षणभर थबकतो. आपल्याकडचा कोणी डॉक्टर एवढ्या उंचीवर येऊन दवाखाना थाटून बसला आहे की काय, अशी शंका त्याला येते. ‘आमची’ हा शब्द मात्र मूळचा मंगोलियन असून त्याचा अर्थ वैद्य असा आहे. हा वैद्य ज्या शास्त्राच्या आधाराने उपचार करतो त्याला तिबेटी भाषेत ‘सोवा-रिग्पा’, म्हणजे बरे करण्याची विद्या, असे म्हणतात. २०१० मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून या पद्धतीला भारतीय वैद्यकपद्धती म्हणून मान्यता दिली, नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लेह येथे राष्ट्रीय सोवा-रिग्पा संस्था उभारण्यास मंजुरी दिली, आणि आता आयुष मंत्रालयाच्या पत्रकांत आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध यांच्या पंगतीला हे नाव बसलेले दिसते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उरतोच, की हे नेमके आहे तरी काय, आणि सरकारने त्याला मान्यता दिली म्हणजे ते सिद्ध झाले, असे मानायचे का.

या विषयावरील बहुतेक लेखन ‘हजारो वर्षे जशीच्या तशी जपलेली विद्या’ अशा शब्दांनी सुरू होते. हे वर्णन चुकीचे आहेच, शिवाय ते या पद्धतीवर अन्याय करणारे आहे असेही मला वाटते. तिबेटी वैद्यकाचा इतिहास हा जपण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो चहूकडून घेण्याचा, घेतलेले घासून पाहण्याचा आणि बदलण्याचा आहे. हे एकदा ध्यानात आले, की आज प्रयोगशाळेत आणि कारखान्यात तिचे जे होत आहे त्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

पिठले आणि तीन दोष

सोवा-रिग्पाच्या मते शरीराचे काम तीन शक्तींवर चालते. ‘लुंग’ ही हालचालीची शक्ती आहे. श्वास, रक्ताचे वाहणे, मनातल्या विचारांची ये-जा हे सारे तिच्याकडे. ‘त्रिपा’ ही उष्णतेची आणि पचनाची शक्ती, तर ‘बेकेन’ ही ओलावा, थंडावा आणि घट्टपणा यांची. मराठी वाचकाला वात, पित्त आणि कफ यांची आठवण येथे लगेच होईल, आणि ती योग्यच आहे.

या तिघांचा परस्परसंबंध समजण्यासाठी चुलीवरचे पिठले डोळ्यांसमोर आणावे. त्याला जाळ लागतो, पाणी लागते आणि सतत ढवळणे लागते. जाळ जास्त झाला तर पिठले तळाला लागते, पाणी जास्त झाले तर ते पातळ होते, आणि ढवळण्यात खंड पडला तर गुठळ्या होतात. तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट स्वतः वाईट नाही. बिघाड होतो तो प्रमाण सुटल्यामुळे. आमची रुग्णाकडे पाहतो तेव्हा कोणत्या जंतूने हल्ला केला यापेक्षा जाळ वाढला आहे, पाणी वाढले आहे की ढवळणे बिघडले आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आधी येतो.

उपचारांचा क्रमही त्याच विचारातून ठरतो. आधी आहार बदलायचा, मग दिनचर्या, मग औषध, आणि सर्वात शेवटी शेक, डाग देणे, रक्त काढणे, औषधी स्नान यांसारखे बाह्य उपचार. सौम्य उपायाने काम होत असेल तर कडक उपायाकडे जायचे नाही, हा दंडक मूळ ग्रंथातच घातलेला आहे.

तीन बोटे आणि एक पांढरी वाटी

निदान पाहून, स्पर्श करून आणि विचारून केले जाते. स्पर्शाचा मुख्य भाग म्हणजे नाडीपरीक्षा. रुग्णाने आदल्या दिवसापासून जड खाणे, दारू आणि दगदग टाळून सकाळी यावे अशी अपेक्षा असते. वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवतो, आणि तिन्हींचा दाब वेगवेगळा असतो. तर्जनी कातडीपर्यंत, मध्यमा मांसापर्यंत आणि अनामिका हाडापर्यंत पोहोचली पाहिजे, असा संकेत आहे. वैद्याच्या स्वतःच्या एका श्वासोच्छ्वासात रुग्णाच्या नाडीचे पाच ठोके पडले तर ती सामान्य समजली जाते. त्याहून जास्त पडले तर विकार उष्ण आणि कमी पडले तर शीत. हाताशी घड्याळ नसलेल्या काळात स्वतःचा श्वासच मोजमाप म्हणून वापरण्याची ही युक्ती मला फार हुशारीची वाटते, अर्थात वैद्य स्वतः निरोगी आणि शांत असेल तरच ती चालते, आणि ग्रंथकारांनी ही अटही सांगून ठेवली आहे.

दुसरी तपासणी लघवीची. सकाळची पहिली लघवी पांढऱ्या वाटीत घेऊन वैद्य ती बारीक काडीने घुसळतो आणि बुडबुडे पाहतो. पाण्यासारखी पातळ लघवी आणि मोठमोठे बुडबुडे असतील तर लुंग बिघडला आहे, लालसर पिवळी, वाफाळती आणि उग्र वासाची असेल तर त्रिपा, आणि पांढुरकी, फारसा वास नसलेली असेल तर बेकेन, असे ढोबळ नियम आहेत. ही पाहणी लघवी गरम असताना, कोमट झाल्यावर आणि गार झाल्यावर अशी तीनदा करायची असते.

मग हा आयुर्वेदच नव्हे का?

आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘बराचसा, पण पूर्ण नाही’ असे आहे.

सोवा-रिग्पाचा आधारग्रंथ ‘ग्यूशी’, म्हणजे चार तंत्रे, हा आहे. बाराव्या शतकातील वैद्य युथोक योन्तेन गोन्पो यांच्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. त्याचे चार भाग अनुक्रमे ६, ३१, ९२ आणि २७ अध्यायांचे, मिळून १५६ अध्याय. त्याच्या आधीच्या शतकात पश्चिम तिबेटमधील महान भाषांतरकार रिन्चेन झांग्पो यांनी वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ भारतीय पंडिताच्या साहाय्याने तिबेटीत आणले होते. ग्यूशीतला मोठा भाग थेट त्या भाषांतरातून आलेला आहे. काही ठिकाणी तर ओळींमागून ओळी जुळतात. आपल्याकडचा आयुर्वेदाचा विद्यार्थी जे अष्टांगहृदय पाठ करतो, तेच बर्फापलीकडच्या मठांतील मुलांनी आपल्या भाषेत शतकानुशतके घोकले आहे.

औषधांची नावे ऐकली तर हे नाते आणखी स्पष्ट होते. तिबेटी वैद्य जायफळाला ‘झाती’ म्हणतो, कापराला ‘गाबुर’, केशराला ‘गुरगुम’ आणि पिंपळीला ‘पिपिलिंग’. वेलदोड्याला तो ‘सुगमेल’ म्हणतो, आणि ते दुसरे काही नसून ‘सूक्ष्मैला’ या संस्कृत शब्दाचे झिजलेले रूप आहे. यांपैकी बहुतेक पदार्थ तिबेटच्या पठारावर उगवतच नाहीत. ते खालून, भारतातून, पाठीवर आणि खेचरांवर लादून वर गेले आणि जाताना आपली नावेही घेऊन गेले.

सगळ्यांत मोठा मान हिरड्याचा. तिबेटीत त्याला ‘आरुरा’ म्हणतात आणि तो औषधांचा राजा मानला जातो. वैद्यकाची देवता असलेला निळ्या वर्णाचा भैषज्यगुरू बुद्ध चित्रात नेहमी उजव्या हातात हिरड्याची डहाळी धरून बसलेला असतो. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे झाडावर चढून जो बाळहिरडा गोळा करतात आणि वाळवून विकतात, त्याच झाडाचे हे फळ. उलट दिशेची वाटही तितकीच जुनी आहे. आपल्या घरी बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर ज्या अतिविषाचे वेढे देतात ती मुळी सह्याद्रीत मिळत नाही. ती हिमालयातून येते, आणि तिबेटी वैद्यही तिचा वापर ‘बोंगा कार्पो’ या नावाने करतात. आजीच्या गुटीच्या डब्यात हिरडा आणि अतिविष शेजारी शेजारी असतात, आणि आमचीच्या चामडी पिशव्यांतही ते तसेच असतात.

आता फरक पाहू. वर सांगितलेली नाडीपरीक्षा चरक, सुश्रुत किंवा वाग्भट यांच्या संहितांत नाही, हे अनेकांना आश्चर्याचे वाटेल. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ती शार्ङ्गधरापासून दिसू लागते, म्हणजे ग्यूशीच्याही नंतर. तिबेटी नाडीशास्त्रावर चिनी वैद्यकाची छाप स्पष्ट आहे. घुसळलेल्या लघवीवरून सर्वच रोगांचे निदान करण्याची पद्धतही वाग्भटात सापडत नाही. तिबेटी परंपरा स्वतःच सांगते, की आठव्या शतकात राजा त्रिसोंग देत्सेनच्या काळात भारत, चीन, इराण आणि आसपासच्या देशांतून वैद्य बोलावले गेले. त्या कथेतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून टिकेलच असे नाही. परंतु आपले ज्ञान परदेशातून आले आहे हे अभिमानाने सांगणारी परंपरा म्हणून ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे असे सांगण्याची पद्धत कमी आहे.

हे वैद्यक आहे की धर्म?

दोन्ही एकमेकांत विणलेले आहेत, हे नाकारता येत नाही. आसक्तीने लुंग बिघडतो, द्वेषाने त्रिपा आणि मोहाने बेकेन, अशी बौद्ध विचारातील तीन विषांची तीन दोषांशी सांगड घातलेली आहे. औषध करताना मंत्र म्हटले जातात. ग्यूशीची मांडणीही बुद्धाने केलेल्या उपदेशाच्या थाटात आहे.

तरीही या परंपरेच्या आतच प्रश्न विचारणारे निघाले. ग्यूशी खरोखर बुद्धवचन आहे, की युथोक यांनी रचलेला ग्रंथ, यावर तिबेटी पंडितांमध्ये शतकानुशतके वाद चालला. सोळाव्या शतकातील झुरखार लोद्रो ग्याल्पो या वैद्याने ग्रंथातील पुरावेच पुढे केले: बुद्धाच्या काळातील भारतात नसलेल्या गोष्टींचा उल्लेख त्यात आहे, तेव्हा तो तिबेटात, तिबेटी माणसाने रचलेला असला पाहिजे. पवित्र मानलेल्या ग्रंथाविषयी असे लिहिणे त्या काळी सोपे नव्हते.

पुढच्या शतकात पाचव्या दलाई लामांचे प्रशासक देसी सांग्ये ग्यात्सो यांनी ग्यूशीवर मोठे भाष्य लिहिले आणि ते समजावण्यासाठी ७९ पटचित्रांची मालिका करवून घेतली. गर्भाची वाढ, शिरांचे जाळे, वनस्पती, हत्यारे, स्वप्ने, अपशकुन असे सारे त्या चित्रांत आहे. शरीररचनेची काही चित्रे चित्रकाराने प्रत्यक्ष प्रेते पाहून रेखाटली, असे देसींनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. मृतदेह गिधाडांना देण्याची प्रथा असलेल्या देशात शरीर आतून कसे दिसते हे पाहणे अशक्य नव्हते. कोणीतरी पाहायचे ठरवणे महत्त्वाचे होते.

याच मालिकेतील पहिल्या चित्रांत सगळे शास्त्र एका झाडाच्या रूपात दाखवले आहे: तीन मुळे, नऊ खोडे, ४७ फांद्या आणि २२४ पाने. एक मूळ शरीराचे, एक निदानाचे, एक उपचाराचे. आजही विद्यार्थी हे झाड रंगीत खड्यांनी किंवा काड्यांनी जमिनीवर मांडून पाठ करतात. पाठांतराची एवढी देखणी युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लोहपर्वतावरून धर्मशाळेकडे

देसींनीच १६९६ मध्ये ल्हासातील पोताला राजवाड्यासमोरच्या चाक्पोरी, म्हणजे लोहपर्वत, या टेकडीवर वैद्यकाचे विद्यापीठ स्थापन केले. तेथे मुख्यतः भिक्षू शिकत. १९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांनी मेन-त्सी-खांग ही दुसरी संस्था काढली आणि ती ख्येनराब नोर्बू यांच्याकडे सोपवली. ‘मेन’ म्हणजे औषध आणि ‘त्सी’ म्हणजे ग्रहगणित, तेव्हा नावाचा अर्थ औषध आणि पंचांग यांचे घर असा होतो. येथे मठांबरोबरच सैन्यातूनही विद्यार्थी घेतले गेले. तिबेटी वैद्यकाची आधुनिक वाटचाल खरे तर येथूनच सुरू होते. ती पाश्चात्त्य प्रयोगशाळेतून सुरू झाली असे समजण्याचे कारण नाही.

१९५९ च्या चीनविरोधी उठावात चाक्पोरीवर तोफा डागल्या गेल्या आणि तेथील महाविद्यालय नष्ट झाले. दलाई लामा भारतात आले, आणि १९६१ मध्ये धर्मशाळेत मेन-त्सी-खांग पुन्हा सुरू झाले. त्या प्रारंभीच्या काळात येशी धोंदेन यांनी शिकवणे, औषधे करणे आणि रुग्ण तपासणे अशी सारी कामे अंगावर घेतली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेन्झिन चोद्राक या दुसऱ्या मोठ्या वैद्याने चीनच्या तुरुंगात आणि सक्तमजुरीत सुमारे दोन दशके काढली आणि १९८० मध्ये ते भारतात पोहोचले. १९७० च्या दशकात लोब्सांग डोल्मा खांगकर या स्त्री वैद्याने धर्मशाळेतील संस्थेची धुरा सांभाळली. एका पिढीतील मोजकी माणसे वाचली नसती तर या विद्येचा मौखिक भाग, म्हणजे हाताने शिकवायचा भाग, बहुधा गेलाच असता. पुस्तके पुन्हा छापता येतात, पण नाडीवरचा दाब पुस्तकातून शिकता येत नाही.

भूतानने १९६७ पासून हे वैद्यक सरकारी आरोग्यव्यवस्थेत सामावून घेतले आहे, आणि तेथे रुग्णाला दोन्ही प्रकारचे उपचार सरकारी दवाखान्यात मिळू शकतात. भारतात धर्मशाळेशिवाय सारनाथ, दार्जिलिंग आणि लेह येथे शिक्षण मिळते. लडाखच्या खेड्यांत मात्र जुनी रीत वेगळी होती. तेथे आमचीची विद्या घराण्यात चालत आली होती. बापाकडून मुलगा शिके, आमची पैसे घेत नसे, आणि त्याच्या बदल्यात गावकरी त्याच्या शेतात राबत. आपल्या बलुतेदारीची ही जवळची बहीण. रोख पैशाचा व्यवहार वाढला, तरुण सैन्यात आणि पर्यटनात गेले, आणि ही देवाणघेवाण मोडली. म्हणून पदवी, पगार आणि सरकारी नोकरी यांची मागणी आमचींनी स्वतः लावून धरली. मान्यता हा त्यांच्यासाठी केवळ प्रतिष्ठेचा विषय नव्हता, पोटाचाही होता.

गोडा मसाला आणि कारखाना

जुन्या पद्धतीत आमची स्वतः डोंगरात जाऊन वनस्पती गोळा करी, वाळवी, कुटे आणि गोळ्या वळी. त्यामुळे एकाच नावाचे औषध दोन आमचींकडे थोडे वेगळे असे, जसा आपल्याकडे प्रत्येक घरचा गोडा मसाला वेगळा असतो. कृती तीच, पण कोणाचा दगडफुलाकडे हात जरा सैल, तर कोणाचा लवंगेकडे आखडता. घरात हे चालते. परंतु तोच मसाला पाकिटात भरून हजार गावांत विकायचा म्हटले, की प्रत्येक पाकीट सारखेच लागले पाहिजे, त्यात भेसळ किंवा बुरशी नसली पाहिजे, आणि तसे आहे हे मोजून दाखवता आले पाहिजे. या मोजून दाखवण्याला औषधनिर्मितीत प्रमाणीकरण म्हणतात.

चीनमध्ये हा बदल सर्वांत वेगाने आणि मोठ्या प्रमाणावर झाला. तेथील कारखान्यांत तिबेटी औषधे गोळ्यांच्या पट्ट्यांत, चकचकीत खोक्यांत तयार होतात आणि ल्हासाहून दूरच्या शहरांत विकली जातात. यात स्वच्छता आणि सातत्य आले हे खरे. मात्र ज्या वैद्याने रुग्णाची नाडी पाहिली त्यालाच औषधात चिमूटभर फेरफार करता येण्याची सोय त्यातून गेली, आणि ती सोय हा या पद्धतीचा गाभा होता असे मानणारे वैद्य आजही आहेत. मला त्यांचे दुःख समजते. पण ज्याचे प्रमाण ठरलेले नाही त्याची परीक्षा घेता येत नाही, ही अडचण त्यांनाही टाळता येणारी नाही.

सर्वांत चमत्कारिक प्रवास झाला तो एका गाबुराच्या, म्हणजे कापराच्या, कृतीचा. सायबेरियातील बुर्यात प्रांतात तिबेटी वैद्यक मंगोलियामार्गे पोहोचले होते. तेथील बदमायेव घराण्यातील वैद्य झारच्या काळात सेंट पीटर्सबर्गला प्रसिद्ध झाले. त्यांच्या कृतींची यादी पुढे पोलंडमार्गे स्वित्झर्लंडमध्ये गेली, आणि १९६९ मध्ये झुरिकजवळ पाद्मा नावाची कंपनी ती औषधे करू लागली. यादीतील २८ क्रमांकाच्या कृतीवरून औषधाचे नावच ‘पाद्मा २८’ पडले. तिबेटातून निघून मंगोलिया, रशिया, पोलंड असे फिरत आल्प्समध्ये स्थिरावलेल्या औषधाला ‘पारंपरिक’ म्हणायचे की ‘आधुनिक’, हे मला तरी ठरवता आलेले नाही.

पण गुण येतो का?

येथे ‘मला गुण आला’ आणि ‘औषधाला गुण आहे’ यांतील फरक आधी समजून घ्यावा लागेल. सर्दी सात दिवसांत आपोआपही बरी होते. सांधेदुखी काही दिवस वाढते आणि काही दिवस उतरते. आपुलकीने बोलणाऱ्या वैद्यामुळेही बरे वाटते. या सगळ्यांतून औषधाचा वाटा वेगळा काढायचा तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडतात, दोघांना दिसायला सारख्या गोळ्या देतात, आणि कोणाला काय दिले हे रुग्णालाही माहीत नसते आणि मोजणाऱ्यालाही. यालाच दुहेरी अंध चाचणी म्हणतात.

अशी एक नमुनेदार चाचणी ल्हासातील रुग्णालयांत झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण आहे. तो टाळण्यासाठी तिबेटात ‘झी-ब्येद ११’ हे अकरा घटकांचे औषध दिले जात असे; दुसरीकडे मिसोप्रोस्टॉल ही स्वस्त, आधुनिक गोळी होती. ९६० स्त्रियांना या दोहोंपैकी एक औषध देण्यात आले. रक्तस्राव, गर्भाशय आकुंचित करणारी जादा औषधे देण्याची वेळ येणे किंवा मृत्यू, असा एकत्रित वाईट परिणाम मिसोप्रोस्टॉलच्या गटात सुमारे १६ टक्के स्त्रियांत दिसला, तर तिबेटी औषधाच्या गटात सुमारे २२ टक्के. अतितीव्र रक्तस्रावाच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, आणि मिसोप्रोस्टॉल घेतलेल्यांना ताप अधिक आला. निष्कर्ष तिबेटी औषधाच्या विरुद्ध गेला. तरीही ही चाचणी मला या पद्धतीच्या सन्मानाची वाटते, कारण तिचा दावा गंभीरपणे घेऊन तो बरोबरीच्या मैदानात उतरवला गेला. संग्रहालयात ठेवलेल्या वस्तूची कोणी अशी परीक्षा घेत नाही.

पाद्मा २८ ची परीक्षा पायांच्या धमन्या अरुंद झाल्याने चालताना पोटऱ्या भरून येणाऱ्या रुग्णांवर झाली. चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांना चालण्याचे अंतर काहीसे वाढल्याचा पुरावा मिळाला. पण अनेक रुग्ण मध्येच गळाले होते आणि झालेला फायदा व्यवहारात कितपत जाणवेल याबद्दलही त्यांनी शंका नोंदवली. मधुमेहावरही दिल्लीच्या एम्समधील संशोधकांच्या सहभागाने अभ्यास झाला आणि २००१ मध्ये त्याचे आशादायक निकाल प्रसिद्ध झाले. परंतु एका अभ्यासावर कोणी आपले इन्शुलिन सोडू नये. नाडीपरीक्षेबाबत तर साधी चाचणीही पुष्कळ सांगून जाईल: दोन अनुभवी आमचींनी एकमेकांना न विचारता त्याच पन्नास जणांची नाडी पाहावी आणि उत्तरे किती जुळतात ते मोजावे.

गोळ्यांतला पारा

तिबेटी औषधांत ‘रिन्चेन रिल्बू’, म्हणजे रत्नगोळ्या, यांचा फार बोलबाला आहे. रेशमी कापडात गुंडाळून, रंगीत धाग्याने बांधून त्या दिल्या जातात आणि काही जण त्या प्रसादासारख्या घरात जपून ठेवतात. यांपैकी काहींत ‘त्सोतेल’ नावाचे भस्म असते. पारा अनेक धातूंसह आणि खनिजांसह दीर्घकाळ शिजवून, धुऊन आणि घोटून ते तयार करतात. तेराव्या शतकातील ओर्ग्येनपा या यात्रेकरू पंडिताने ही विद्या तिबेटात आणली असे मानले जाते. आपल्या रसशास्त्रातील पारदसंस्कारांचीच ही भावंडे.

समर्थकांचे म्हणणे असे, की शोधन केल्यावर पारा विषारी राहत नाही. रसायनशास्त्र याला अर्धे उत्तर देते. भस्मात पारा मुख्यतः गंधकाशी बांधलेला, म्हणजे हिंगुळासारख्या रूपात असतो, आणि हे रूप पाण्यात जवळपास विरघळत नसल्याने पाऱ्याच्या वाफेइतके किंवा माशांतून येणाऱ्या सेंद्रिय पाऱ्याइतके ते शरीरात शोषले जात नाही. पण कमी शोषले जाणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे. थोडे थोडे शोषलेले दीर्घकाळ मूत्रपिंडात साठू शकते, आणि प्रत्येक घाणा तितक्याच काळजीने शिजला होता याची खात्री गोळीकडे पाहून होत नाही. पाऱ्यावर निर्बंध घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने पारंपरिक आणि धार्मिक वापराच्या वस्तूंना सूट दिली आहे. ती सूट व्यापाराच्या दृष्टीने आहे, तब्येतीच्या दृष्टीने दिलेले ते प्रमाणपत्र नव्हे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी अशा गोळ्यांपासून दूर राहावे, आणि कोणतेही तिबेटी औषध घेणाऱ्याने ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपासून लपवू नये. सोवा-रिग्पाची बहुसंख्य औषधे केवळ वनस्पतींची असतात, हेही येथे सांगायला हवे, कारण पाऱ्याच्या चर्चेत ते झाकून जाते.

मालकीचा वाद

२०१८ मध्ये सोवा-रिग्पातील औषधी स्नानाची प्रथा चीनच्या प्रस्तावावरून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि २०२३ मध्ये ग्यूशीची हस्तलिखिते, तीही चीनच्याच नावाने, जागतिक स्मृतिनोंदीत आली. भारतानेही सोवा-रिग्पावर आपला हक्क सांगितला आहे, आणि लेहच्या संस्थेकडे त्या पार्श्वभूमीवरही पाहिले जाते. वाग्भटाचे श्लोक, चिनी नाडी, मंगोलियन नाव आणि बुर्यात कारागिरी एकाच गोळीत असताना दोन देशांनी त्या गोळीचा सातबारा मागावा, हे थोडे विचित्रच.

मुळ्या संपल्या तर?

या वादापेक्षा मोठे संकट डोंगरात आहे. जटामांसी, कुटकी, कुठ या हिमालयीन वनस्पती तिबेटी वैद्यकाला लागतात, तशाच त्या आयुर्वेदाला आणि अत्तराच्या धंद्यालाही लागतात. त्या सावकाश वाढतात आणि औषधासाठी त्यांचे मूळ काढावे लागते, म्हणजे झाड तोडले असे नव्हे तर वंशच खणून काढला. बाळहिरडा खुडला तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा फळते. कुटकी उपटली की तेथे खड्डा उरतो. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात जटामांसी आणि कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तर रानटी कुठ पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात. मागणी वाढवणारी मान्यता आणि पुरवठा आटवणारी मागणी अशी ही साखळी आहे, आणि कारखाने जितके मोठे होतील तितकी ती आवळत जाईल.

कुठाची लागवड लाहौलमध्ये गेल्या शतकापासून होत आली आहे, त्यामुळे शेतीचा मार्ग आहे हे दिसते. दुसरा मार्ग या वैद्यकाच्या पोटातच आहे. दुर्मीळ किंवा महाग द्रव्याऐवजी चव, वीर्य (म्हणजे औषधाची शक्ती) आणि गुण जुळणारे दुसरे द्रव्य वापरण्याची सोय तिबेटी औषधशास्त्रात पूर्वीपासून असून त्याला ‘त्सब’, म्हणजे बदली, म्हणतात. कोणत्या द्रव्याच्या जागी काय चालेल याच्या याद्या जुन्या वैद्यांनी करून ठेवल्या आहेत. त्या याद्यांतील प्रत्येक बदली आजच्या कसोटीवर उतरते का, हे तपासायचे तर वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि डोंगर पायाखाली घातलेला आमची यांना एकाच टेबलाभोवती बसावे लागेल, आणि त्यातही आमचीला आधी बसवावे लागेल, कारण सुकलेल्या दोन मुळ्यांपैकी कुटकी कोणती हे जिभेवर ठेवून सांगणारा तिघांत तोच एक असेल.